आचार्य केरोबांचा खट्

एका जंगलात सगळ्यांना सायकलचं वेड लागलं होतं. कुठल्या जंगलात ते विचारू नका. तिथले दोन-तीन प्राणी अजून माझ्याशी बोलतात, तेवढे तरी राहू देत.

सायकल म्हणजे तुमची शाळेत जायची नव्हे हं. डोंगरात चालवायची, जाड टायरांची, पुढे-मागे स्प्रिंगा लावलेली. अशी सायकल घेतली की डोंगर चढावा लागतो, ही तिच्यातली एकच खोड. म्हणून त्या जंगलातले प्राणी दर रविवारी सकाळी टेकडीच्या पायथ्याशी जमायचे आणि आधी दोन तास सायकलींवर बोलायचे. मग ऊन चढायचं. मग ऊन चढलं म्हणून निम्मे घरी जायचे. दात काढू नका. तुमचे बाबा कुठे जातात रविवारी? बरं, राहू द्या, घरात भांडणं नकोत.

आता गियर म्हणजे काय ते एकदाच सांगतो. परत विचारलंत तर गोष्ट बंद. मागच्या चाकाला लहान-मोठ्या दातेरी चकत्या असतात. चेन मोठ्या चकतीवर गेली की पेडल हलकं होतं आणि चढ चढता येतो. लहान चकतीवर गेली की पेडल जड होतं आणि सपाटीवर पळता येतं. चेनला इकडून तिकडे ढकलणारं एक यंत्र मागच्या चाकापाशी लोंबत असतं, त्याला म्हणायचं डिरेलर. पूर्वी हँडलवरच्या खटक्यापासून या डिरेलरपर्यंत एक तार जायची. अंगठ्याने खटका दाबला की तार ओढली जायची, खट् असा आवाज व्हायचा, आणि गियर पडायचा.

मग निघाले बॅटरीवाले गियर. तार नाही, बीर नाही. हँडलवर एक बटण, आणि मागे डिरेलरला चिकटलेली बॅटरी. बटणाला नुसता स्पर्श केला की मागे झुंई होतं आणि गियर पडतो.

झालं! जंगलाचे दोन तुकडे झाले. एक तारपंथ, एक बॅटरीपंथ. तारवाल्यांच्या घरी बॅटरीवाले पाणी पिईनात. एका मोराचं ठरलेलं लग्न मोडलं, कारण मुलीच्या मामाकडे बटण निघालं.

तारपंथाचा प्रमुख होता केरोबा अस्वल. त्याला सगळे आचार्य म्हणायचे. पायथ्याशी एक सपाट शिळा होती. तिच्यावर बसून तो दर रविवारी प्रवचन करायचा. "तार ओढली की गियर पडतो. का पडतो? कारण आपण ओढली! बटणात आपण कुठे आहोत?" असं तो विचारायचा, आणि खाली बसलेले पन्नास प्राणी "कुठे आहोत, कुठे आहोत" म्हणत माना डोलवायचे. कोपऱ्यातला एक ससा तर दर वेळी रडायचा.

प्रवचन झालं की चढण. पुढे आचार्य, मागे शिष्य. आणि आचार्यांनी गियर टाकला की शिष्यांनी दाद द्यायची, ही त्या पंथाची रीत. गाण्याच्या बैठकीत देतात तशी. पुढे खट् झालं की मागून "वा!" नीळकंठ नावाचा साळिंदर हा पट्टशिष्य. तो सायकल चालवतानाही डोळे मिटून ऐकायचा, म्हणून दोनदा झाडावर आपटला होता. "तारेच्या खट्ला जीव असतो," तो म्हणायचा, "आणि तो ओळखायला कान लागतो. तो कान फक्त आपल्याकडे आहे."

आता एक गोष्ट हळूच सांगतो. केरोबाला सोमवार ते शनिवार कुत्रं विचारत नव्हतं. (ही आपली म्हणायची पद्धत. त्या जंगलात कुत्री नव्हती.) मुलं मोठी होऊन लांबच्या रानात गेली होती. मधाची पोळी आता तरणी अस्वलं शोधायची आणि याला म्हणायची, "काका, तुम्ही बसा." बायको यमुनाबाई विचारायची, पण ते "जेवायला वाढू का" एवढंच. रविवारी मात्र सगळे त्यालाच विचारायचे. आचार्य, तार कितव्या महिन्यात बदलावी? आचार्य, तेल किती थेंब? त्या शिळेवरचे दोन तास गेले असते, तर केरोबाकडे काहीसुद्धा उरलं नसतं. हे दुसऱ्या कुणाला ठाऊक नव्हतं, पण त्याला पक्कं ठाऊक होतं.

बॅटरीपंथाचा प्रमुख होता रंगराव रानडुक्कर. पूर्वी हा केरोबाचा जिवाभावाचा मित्र. रोज संध्याकाळी दोघं जोडीने सायकल चालवायचे, एकाच भोपळ्यातलं पाणी प्यायचे. पण रंगरावाला पडले खूर. खुराला अंगठा नसतो. तारेचा खटका दाबताना बिचाऱ्याचा खूर सारखा घसरायचा. एकदा भर सभेत तो म्हणाला, "केरोबा, मला अंगठाच नाही रे."

केरोबा तेव्हा नवा नवा आचार्य झाला होता. नव्या आचार्याला फार सुचतं. शिळेवरून तो म्हणाला, "अंगठा नाही असं म्हणू नये, रंगराव. श्रद्धा कमी पडते असं म्हणावं."

पन्नास प्राणी खो खो हसले. रंगराव उठला, सायकल हातात धरून निघून गेला. जंगलात पहिलं बटण आणलं ते त्यानेच, दुसऱ्या आठवड्यात. त्यानंतर सात वर्षं दोघं एकमेकांशी एक शब्द बोलले नाहीत.

आणि मग एका थंडीत केरोबाचा अंगठा सुजला.

श्रद्धा भरपूर होती हो, सांधाच गेला होता. खटका दाबला की कळ थेट खांद्यात जायची. दोन रविवार त्याने दात-ओठ खाऊन काढले. तिसऱ्या रविवारी चढावर त्याला गियर टाकताच येईना. तो खाली उतरला आणि शिष्यांना म्हणाला, "जरा निसर्ग बघू या." शिष्यांनी तासभर निसर्ग बघितला.

आता त्याने सरळ सांगायचं ना, की बाबांनो, अंगठा दुखतो! पण कुठल्या तोंडाने सांगणार? अंगठ्याबद्दल त्याने काय म्हटलं होतं, ते सगळ्या जंगलाला पाठ होतं.

तेव्हा आचार्य केरोबांनी काय करावं? त्यांनी शेजारच्या जंगलातून, पोत्यात गुंडाळून, बॅटरीवाले गियर आणले. घराचं दार लावून स्वतःच बसवले. बटण हँडलच्या खाली, केसाळ पंज्याआड झाकलं जाईल असं. आणि जुनी तार काढून न टाकता तशीच ठेवली. दोन्ही टोकांना डिंक लावून चिकटवून दिली. तार दिसत होती, पण कशालाच जोडलेली नव्हती.

राहिला आवाज. बॅटरी करते झुंई. झुंई झालं की संपलं. म्हणून झुंई व्हायच्या आत तोंडाने खट् म्हणायचं, आणि मोठ्याने म्हणायचं. केरोबा स्वयंपाकघरात उभा राहून सराव करू लागला. "खट्. खट्ट. खट्!"

यमुनाबाई भाकरी थापत होत्या. त्या म्हणाल्या, "अहो, घशात काही अडकलंय का?"

"नाही. खट्."

"मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करा. आणि त्या टेकडीवर तोंड उघडं ठेवून जाऊ नका, चिलटं जातात."

रविवार आला. पहिला चढ आला. त्याने बटणाला स्पर्श केला आणि जोरात म्हणाला, "खट्!" मागून नीळकंठाचा आवाज आला, "वा! क्या बात है! आज खट् जरा ओला लागला, आचार्य. नवीन तार का?"

"नवीनच," केरोबा म्हणाला आणि मिशीवरची थुंकी पुसली.

असे तीन महिने गेले. अंगठा बरा झाला. आचार्यांचे खट् अजरामर झाले. काही शिष्य ते घरी जाऊन बायकोला म्हणून दाखवायचे.

तुम्हाला वाटेल, शरम नाही वाटली का याला? वाटायची ना. रोज वाटायची, फक्त रविवारी नाही वाटायची. मी स्वतः एकदा बाजारातला श्रीखंडाचा डबा घरच्या पातेल्यात काढून पाहुण्यांना वाढलाय. वाहवा झाली, आणि चक्का कसा टांगला तेही मी सांगितलं. तेव्हा मला नका विचारू.

चैत्रात वार्षिक चढण असायची. दोन्ही पंथांची एकत्र. टेकडीच्या माथ्याआधी एक वळण होतं. इतकं उभं, की तिथे भल्याभल्यांना आई आठवायची. म्हणून त्याचं नावच आईआठव. एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला दरी. यंदा बॅटरीवाल्यांनी आव्हान दिलं: दोघे प्रमुख पुढे चढतील, आईआठववर ज्याचा पाय जमिनीला टेकेल तो हरला म्हणायचं, आणि पायथ्याची शिळा जिंकणाऱ्याची. तारवाल्यांनी ते केरोबाला न विचारताच स्वीकारलं. आचार्य कसे हरतील? केरोबाने मात्र आजवर एकदाही ते वळण पाय न टेकता काढलं नव्हतं.

त्या दिवशी सकाळी तो सगळ्यांच्या आधी पायथ्याशी आला आणि करवंदीच्या जाळीमागे लपून बटण दाबून बघू लागला. काही होईना. रात्री बॅटरी काढून भरून घेतली होती, त्यात काहीतरी बिनसलं होतं. या बटणांचं असं असतं, की बटणाची आणि डिरेलरची एकदा ओळख करून द्यावी लागते. दोन्हीकडे एक दिवा लुकलुकतो. त्या मिनिटात ज्याचा दिवा दिसेल त्याला बटण आपला मानतं आणि परत ओळख करून देईपर्यंत त्यालाच हुकूम सोडतं. केरोबाने दोन्ही दिवे लावले.

आणि नेमका त्याच मिनिटाला, जाळीच्या पलीकडे, भैरू मुंगूस नावाचा सायकलमिस्त्री रंगरावाच्या सायकलीचं तेच काम करत बसला होता.

मुलांनो, काय झालं ते तुमच्या लक्षात आलं असेल. केरोबाच्या बटणाची ओळख झाली रंगरावाच्या डिरेलरशी. रंगरावाच्या बटणाची झाली केरोबाच्या डिरेलरशी. केरोबाने बटण दाबलं, झुंई झालं. आवाज जरा लांबून आल्यासारखा वाटला. पण वय झालं की सगळेच आवाज लांबून येतात, असं म्हणून तो सायकलवर बसला.

चढण सुरू झाली. पुढे केरोबा आणि रंगराव, शेजारी शेजारी, एकमेकांकडे न बघता. मागे दोन्ही पंथ.

पहिल्या चढाला दोघांनीही एकदमच हलका गियर मागितला. याचा त्याला गेला, त्याचा याला आला. कुणाला काही कळलं नाही.

दुसऱ्या चढाला केरोबाला आधी दम लागला. पोट कुणाचं मोठं, ते तुम्हाला सांगायला नको. त्याने बटण दाबलं आणि म्हणाला, "खट्!" मागून "वा!" आली, पण पेडल काही हलकं होईना. तिकडे रंगरावाचे पाय मात्र एकदम भिरभिरायला लागले. तो दचकला, आणि त्याने जड गियरचं बटण दाबलं. इकडे केरोबाचं पेडल दगड झालं.

"खट्! खट्! खट्!" केरोबाने हलक्याचं बटण तीनदा दाबलं.

"वा! वा! वा!"

रंगरावाचे पाय पंख्यासारखे फिरू लागले. त्यानेही घाबरून तीनदा जड दाबलं. केरोबा पेडलवर उभा राहिला. मानेच्या शिरा फुगल्या. मागून नीळकंठ ओरडला, "बघा, बघा! चढावर आचार्य जड गियर घेतायत! याला म्हणतात तपश्चर्या!"

केरोबाने तिरक्या डोळ्याने शेजारी पाहिलं. रंगराव आपल्या बटणाकडे बघत होता, मग आपल्या पायांकडे, मग परत बटणाकडे. आणि केरोबाच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. त्याला जाळीमागचा तो लांबून आलेला आवाज आठवला. त्याचं धाबं दणाणलं.

आता काय करणार? "अरे, माझे गियर तुझ्याकडे गेलेत" असं ओरडावं, तर केरोबाकडून गियर जायला त्याच्याकडे मुळात बॅटरी आहेच कुठे? याच्याकडे तर तार आहे! चांगली दिसतेय, सगळ्यांसमोर. केरोबा मूग गिळून पेडल मारत राहिला.

तेवढ्यात त्याला एक पापी विचार सुचला. आपण रंगरावाला जड दिला, तर तो काय करेल? हलक्याचं बटण दाबेल. मग हलका कुणाला मिळेल? आपल्याला!

त्याने जड दाबलं आणि "खट्" म्हणाला. रंगरावाचं पेडल जड झालं. त्याने हलकं दाबलं. केरोबाच्या पायाखालून ओझं उतरलं. अहाहा! त्याने परत दाबलं, परत उतरलं. असं करत करत आईआठव येईपर्यंत केरोबा सगळ्यात हलक्या गियरवर आला, आणि रंगराव सगळ्यात जड. केरोबा टुकूटुकू पाय मारत वळणाला लागला. असं त्याच्या आयुष्यात कधीच झालं नव्हतं. पाय टेकत नव्हता. माथा दिसत होता. शिळा राहत होती. आणखी पंधरा हात, की मरेपर्यंत त्याला सगळे विचारत राहणार होते.

"केरोबा," मागून आवाज आला.

सात वर्षांनी आलेला आवाज होता तो. केरोबाने वळून पाहिलं. रंगराव वळणाच्या मधोमध अडकला होता. सगळं अंग पेडलवर टाकूनही ते फिरत नव्हतं. सायकल बोटभर पुढे जाई आणि वीतभर मागे येई. मागचं चाक दरीच्या काठाकडे सरकत होतं. खडी निसटून खाली पडत होती आणि पडल्याचा आवाज येत नव्हता. पाय टेकायचा म्हटलं, तर ज्या बाजूला तोल जात होता त्या बाजूला टेकायला जमीनच नव्हती.

"माझं काहीतरी बिघडलंय रे," रंगराव म्हणाला. "दाबतोय, दाबतोय, पडतच नाही."

केरोबाचा पंजा बटणावर होता. दाबलं की मागे झुंई होणार, रंगरावाला कळणार, शिष्यांना कळणार. खट् म्हणून झाकावं, तर तोंडाला कोरड पडली होती. आणि खरं सांगू? खट् म्हणायचं त्याला आठवलंच नाही. त्याला फक्त दरी दिसली, आणि काठावर घसरणारे ते खूर दिसले. त्याने बटण दाबलं. एकदा, दोनदा, पाचदा, आठदा.

झुंई. झुंई. झुंई.

मागे कुणीच "वा" म्हटलं नाही.

रंगरावाची चेन चढत गेली, पेडल फिरलं, चाक काठापासून आत आलं. रंगरावाने केरोबाच्या पंज्याकडे पाहिलं. मग त्याच्या डिंकाच्या तारेकडे. तिचं एक टोक घामाने सुटून वाऱ्यावर हलत होतं.

"तू दाबलंस?"

"हो. तुझे गियर माझ्याकडे आहेत, माझे तुझ्याकडे. सकाळपासून."

"आणि मधे जड कोण देत होतं?"

"मीच," केरोबा म्हणाला. त्याला धाप लागली होती आणि रडूही येत होतं. "नंतर शिव्या घाल रे बाबा. आधी चढ."

"एक जड दे. फार भिरभिरतंय."

"दिला. मला नको देऊस हं, मला असाच राहू दे."

"बरं, बरं. आता हलका दे, हलका! हां. बस, बस."

अशी ओरडाआरड करत दोघंही आईआठव चढून गेले. कुणाचाच पाय टेकला नाही. माथ्यावर पोचल्यावर दोघं सायकलींवरून उतरले नाहीत, पडले.

मागोमाग दोन्ही पंथ पोचले. केरोबा कसाबसा उठला. पन्नास शिष्य गोल करून उभे होते. तो म्हणाला, "माझी तार खोटी आहे. तीन महिने झाले. अंगठा दुखत होता, म्हणून बटण घेतलं. खट् मी तोंडाने काढत होतो. मी तुम्हाला फसवलं."

मग नीळकंठ साळिंदराने घसा खाकरला. "आचार्य," तो जमिनीकडे बघत म्हणाला, "माझीपण तार डिंकाची आहे. दोन वर्षं झाली."

"माझी दीड," ससा म्हणाला.

"माझी तर पहिल्यापासूनच," मागून कुणीतरी म्हणालं.

पन्नासांपैकी सत्तेचाळीस तारा डिंकाच्या निघाल्या. उरलेल्या तिघांनी सायकलच घेतली नव्हती, ते फक्त प्रवचनाला येत. गेले तीन महिने तर अख्खा पंथ तोंडाने खट् करत टेकडी चढत होता आणि एकमेकांना दाद देत होता. बॅटरीवाले पोट धरधरून हसले.

आता तुम्हाला वाटेल, सगळ्यांनी एकमेकांना मिठ्या मारल्या, आणि सगळं गोड झालं. तुम्ही लहान आहात, म्हणून तुम्हाला असं वाटतं. शिष्यांना राग आला. भयंकर राग आला.

"आम्ही लपवत होतो ते पंथ टिकावा म्हणून," नीळकंठ म्हणाला. त्याचे काटे उभे राहिले होते. "तुम्ही बोलून बसलात!"

"अरे, पण रंगराव पडला असता!"

"मग खट् म्हणून दाबायचं होतं! एक खट् जड झाला तुम्हाला?"

तिथल्या तिथे सभा भरली. तीन ठराव झाले, आणि तिन्ही एकमताने. तारच श्रेष्ठ आहे. तोंडाने काढलेला खट् हाच मूळ खट् असून तारेतला खट् ही त्याची नक्कल आहे. आणि केरोबा आजपासून आचार्य नाहीत. नीळकंठ आचार्य झाले. पुढच्या रविवारी शिळेवर बसून त्यांनी खट् टाळूतून काढावा की घशातून, यावर अडीच तास प्रवचन केलं. ससा रडला.

केरोबा त्या रविवारी गेला नाही. सोमवारीही तो घरातच बसून होता. यमुनाबाईंनी विचारलं, "वाढू का?" तर नको म्हणाला. अस्वलाने जेवायला नको म्हणणं म्हणजे काय, ते तुम्हाला अस्वलाच्या घरी राहिल्याशिवाय कळायचं नाही.

मंगळवारी संध्याकाळी यमुनाबाई बाहेरून आत आल्या. "अहो, बघा तरी कोण आलंय."

दारात रंगराव उभा होता. सायकल हातात, घामाने निथळत.

"नऊ दिवस झाले, एकाच गियरवर अडकलोय," तो म्हणाला. "भैरू म्हणतो, दोघांच्या सायकली आणा, दोन मिनिटांत नीट करून देतो."

"मग घेऊन जा की माझी," केरोबा म्हणाला. "मला काय करायचीय आता?"

"घेऊन जाईन. पण म्हटलं, आधी तुला विचारावं." रंगराव सायकलच्या सीटवरची नसलेली धूळ पुसत राहिला. "दहा पावलांच्या आत असलं तर चालतं म्हणे बटण. तू मागे मागे आलास, तर चालेल मला तसं. येतोस का?"

केरोबा उंबऱ्यातच उभा राहिला. मग म्हणाला, "रंगराव, तुला अंगठा नव्हता. मला तेव्हाही दिसत होतं रे ते."

रंगरावाचे कान हलले. "अजूनही नाही," तो म्हणाला. "चल, ऊन उतरलंय."

तेव्हापासून दोघं रोज संध्याकाळी टेकडीवर जातात. दहा पावलांच्या आतच चालवावी लागते, म्हणून कुणी पुढे पळत नाही. वेग विचाराल, तर गोगलगाय हॉर्न वाजवून पुढे जाते. "दे रे एक." "घे." "अरे, जड दिलास!" "तूच म्हणालास!" असं चाललेलं सगळ्या रानाला ऐकू येतं. शिळेवाले म्हणतात, काय हा कलकलाट, खट्ची मजा गेली. भैरू दर आठवड्याला विचारतो, "आजोबा, ते गियर नीट करून देऊ का?"

दोघंही म्हणतात, "बघू पुढच्या आठवड्यात."

तात्पर्य: मुलांनो, आपले गियर नेहमी आपल्याच हातात ठेवावेत. खोटी तार लावायची झाली, तर डिंक चांगला वापरावा. आणि मित्र दरीत घसरत असला तरी खट् म्हणायला कधीही विसरू नये. विसरलात तर शिळा जाते, मान जातो, पन्नास शिष्य जातात, आणि मग रोज संध्याकाळी खरोखरच सायकल चालवावी लागते.